गोव्यातली वकिली आणि स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधी महाविद्यालयातल्या मुली, नुकती सनद मिळालेल्या ज्युनियर, काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कोर्टात येऊ पाहणाऱ्या वकील आणि त्यांना काम देणारे सिनियर, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. कायदा बदलत राहतो, म्हणून जिथे तारखेला महत्त्व आहे तिथे ती दिली आहे.

गोव्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बायकाच जास्त दिसतात. मग तक्रार कसली?

खालच्या कोर्टांपुरते हे खरे आहे. २०२२च्या इंडिया जस्टिस रिपोर्टमध्ये गोव्याच्या जिल्हा न्यायव्यवस्थेत स्त्री न्यायाधीशांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते, म्हणजे देशात सर्वाधिक. याच न्यायव्यवस्थेतून न्या. अनुजा प्रभुदेसाई आणि न्या. नूतन सरदेसाई मुंबई उच्च न्यायालयावर गेल्या. आता वर पाहा. १९५० ते २०२१ या काळात सर्वोच्च न्यायालयावर मिळून ११ स्त्रियांची नेमणूक झाली. वकिलांमध्येही फारसे वेगळे नाही. देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया १५ टक्केच आहेत, असे तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१मध्ये सांगितले होते.

कनिष्ठ न्यायाधीशाची निवड परीक्षेतून होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती मुलीची की मुलाची, याच्याशी देणेघेणे नसते. वकिलाकडे काम येते ते मात्र ओळखीतून : गावचा पंच, बिल्डर, देवस्थानचे महाजन, सिनियरचा जुना अशील. यातले बहुतेक पुरुष, आणि अडचणीत ते पुरुषालाच फोन लावतात. गोव्यात बाईला वकिलीत येऊ देत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. आल्यावर तिच्या हातात कोणती फाइल पडते, खरा प्रश्न तो आहे. पुढची बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

स्त्रियांना वकिलीची मुभा कधी मिळाली? गोव्यातही तेव्हाच?

ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३च्या कायद्याने. त्याआधी १९१६मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा आणि १९२१मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांचे अर्ज केवळ स्त्री म्हणून फेटाळले गेले होते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२मध्ये दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ उजाडले.

गोव्याला मात्र हा कायदा लागूच नव्हता, कारण इथे पोर्तुगीज अंमल होता. पोर्तुगालने १९१८च्या फर्मानाने स्त्रियांना वकिली खुली केली, म्हणजे कागदावर ब्रिटिश हिंदुस्थानाच्या पाच वर्षे आधी. शाळा-कोर्टातल्या भाषणांत १९२३ हे साल गोव्यालाही सरसकट चिकटवले जाते, ते चूक आहे.

सनद घ्यायला किती खर्च येतो?

नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मुद्रांक शुल्क वेगळे. त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते.

मुलींना इथे एक गोष्ट नडते, ती म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर माहेरचे, आधारवर सासरचे, सनदेवर तिसरेच. पुढे अनुभवाचा दाखला किंवा नोटरीचा अर्ज याच ठिकाणी अडकतो. लग्नानंतर नाव बदलावे अशी सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. गुणपत्रिकेवरच्या नावाने सनद घ्या आणि व्यवसायात तेच ठेवा. बदलायचेच असेल तर गोव्यात नाव व आडनाव बदलण्याचा १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. आधी त्याखाली बदल करून घ्या, मग बार कौन्सिलला कळवा. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फेऱ्या पडतात.

ज्युनियर म्हणून ऑफिस निवडताना काय विचारावे?

पैसे किती, हे विचारायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये ज्युनियरला शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे परिपत्रक काढले. ती शिफारस आहे, बंधन नाही. गोव्यातली कितीतरी ऑफिसे त्याच्या जवळपासही नाहीत. तरी बोलणे सुरू करायला हा आकडा उपयोगी पडतो.

पैशांहून महत्त्वाचे तीन प्रश्न आहेत. वकालतनाम्यावर (अशील वकिलाला अधिकार देतो त्या कागदावर) माझे नाव आणि सही असेल का? नाव नसेल तर रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तुमची हजेरी नीट लागत नाही आणि पुढे अनुभव दाखवायला कागद उरत नाही. पहिल्या वर्षात मला किमान एका साक्षीदाराची सरतपासणी (आपल्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणे) घ्यायला मिळेल का? आणि माझ्या ओळखीने आलेले काम मी स्वतःच्या नावावर चालवू शकते का? उत्तरे गोलमोल आली तर त्याच ऑफिसातल्या आधीच्या ज्युनियरला विचारा. दोन वर्षे नुसत्या तारखा घेत आणि टायपिंग करत बसलेली ज्युनियर सापडली, तर तुमचीही गत तीच होणार.

कुठे काय दिले जाते याची स्वतःच नोंद ठेवा. एका वहीत खटल्याचा क्रमांक, कोर्ट, त्या दिवशी तुम्ही केलेले काम, एवढेच. सहा महिन्यांनी वही आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचे काम ताडून पाहा. फरक दिसला की सिनियरसमोर वही उघडून बोला. ‘मला डावलले जाते’ यापेक्षा ‘सोळा दाव्यांत मी फक्त तहकुबी मागितली’ हे वाक्य जास्त काम करते. बऱ्याच सिनियरना आपण असे करतो हे ठाऊकच नसते, हेही तितकेच खरे.

‘लग्न कधी करणार?’ असे मुलाखतीत विचारले तर?

उत्तर देण्याचे बंधन नाही. ‘पुढची तीन वर्षे मी रोज कोर्टात असेन, हे मी सांगू शकते’ एवढे पुरे. उत्तरानंतरही तोच प्रश्न फिरून येत असेल तर ते ऑफिस सोडून दिलेले बरे.

बायकांकडे घटस्फोट आणि पोटगीच का येते? जमिनीच्या आणि फौजदारी कामात कसे शिरायचे?

समज असा की घरातले दुःख बाईला कळते आणि जमिनीचे भांडण पुरुषाला. वरच्या फीची कामे मात्र जमिनीतच असतात. गोव्यात तर दिवाणी कोर्टाचा मोठा भाग जमिनीनेच भरलेला आहे : वाटण्या, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ, सर्वेतल्या चुका. स्त्री ज्युनियरला यातून दूर ठेवायची पद्धत साधी असते. स्थळपाहणीला तिला नेत नाहीत. ‘डोंगरात जायचंय, तू कशाला येतेस?’ पाहणीला गेलेल्याला हद्दीचा दगड, वाट, विहीर आणि शेजारी तोंडपाठ होतात आणि उलटतपासही मग तोच घेतो. एका सकाळची गाडीतली जागा नाकारली की सगळा दावा हातातून जातो.

म्हणून पाहणीला जायचेच. फॉर्म १ व १४ (जमिनीच्या हक्काचा उतारा), सर्वे आराखडा, जुने विक्रीखत आणि फोनमधला नकाशा सोबत घ्या. पायात बूट घाला. प्रत्येक हद्दीचा फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी एक पानी टिपण सिनियरच्या टेबलावर ठेवा. दुसऱ्या पाहणीला कोणी ‘कशाला येतेस’ म्हणत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट स्थळपाहणीसाठी कमिशनर नेमते. त्यासाठी आपले नाव विचारात घ्यावे, असे कोर्टाला सांगून ठेवा. फी मिळते आणि अहवालावर नाव तुमचे असते.

दुसरी वाट पोर्तुगीज भाषेची. जुने नोंदणी उतारे आणि वारसाची खते वाचणारे वकील कमी होत चालले आहेत. कामापुरती पोर्तुगीज वाचता आली की सिनियर स्वतःहून फाइल पुढे करतात. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याच्या, कामातही हेच. गोव्याचा २०१२चा वारसा कायदा, त्यातला जोडीदाराचा अर्धा हिस्सा, वारसांचा सक्तीचा वाटा, लिलाव हे सगळे हिशेबाचे काम आहे. त्याला ‘घरगुती’ म्हणून हलके लेखणाऱ्यांना त्यातल्या मालमत्तेची किंमत कळलेली नसते. आणि गंमत अशी की कोमुनिदादीत गावकरपण पुरुषवंशाने चालते, पण तिचे दावे लढवायला बाईला कोणतीही आडकाठी नाही.

फौजदारीत सुरुवात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवरून होते. पॅनलसाठी साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. एक लक्षात ठेवा : बलात्काराचे खटले शक्यतो स्त्री न्यायाधीशाने चालवावेत असे कायदाच सांगतो. त्यावरून स्त्री वकिलालाही फक्त असेच खटले द्यायचे, हा निष्कर्ष लोक आपल्या मनाने काढतात. एनडीपीएस (अमली पदार्थांचे खटले), चेक न वटल्याची प्रकरणे, अपघाताचे दावे, सगळे मागून घ्या.

पोलीस ठाणे, तुरुंग, उशिराची रिमांड : हे बाईला झेपते का?

झेपते. कोलवाळच्या कारागृहात भेटीला जाताना वकालतनामा आणि बारचे ओळखपत्र लागते, आणि ते पुरुषालाही लागते. चौकशीदरम्यान अटकेतल्या माणसाला वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, पण सगळा वेळ शेजारी बसण्याचा नाही. ठाण्यावर हुज्जत होते ती याच मुद्द्यावर, तुम्ही बाई असण्यावरून कमी. रात्री जायचे असेल तर सहकाऱ्याला वेळ आणि ठाण्याचे नाव कळवा, अशिलाच्या गाडीऐवजी स्वतःच्या वाहनाने जा, आणि ठाण्यात पोचल्याची वेळ स्टेशन डायरीत नोंदवायला सांगा. पुरुष ज्युनियरनेही हेच करावे.

कोर्टात साडीच नेसावी लागते का?

नाही. बार कौन्सिलच्या नियमात साडी, लांब स्कर्ट, फ्लेअर, चुडीदार-कुर्ता, सलवार-कुर्ता हे सगळे बसते. रंग पांढरा किंवा काळा. साडी आणि स्कर्टला फिका, बिननक्षीचा रंग चालतो. दुपट्टा ऐच्छिक. वर काळा कोट आणि पांढरे बँड. गाऊन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाखेरीज इतरत्र ऐच्छिक आहे, आणि उन्हाळ्यात खालच्या कोर्टात कोटही. मे महिन्यात केपे किंवा काणकोणच्या कोर्टात हा शेवटचा नियम आठवला तर बरे वाटते.

अशील माझ्याशी न बोलता ‘मोठे वकील कुठे आहेत?’ विचारतो. काय करावे?

यात सिनियरचे काम जास्त आहे. पहिल्याच भेटीत ‘हा दावा या चालवणार, फोन त्यांनाच करायचा’ असे सिनियरने सांगितले की प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. स्वतःच्या ऑफिसात असाल तर भेटीच्या शेवटी अशिलाला लेखी टिपण द्या : पुढची तारीख, लागणारे कागद, खर्च. लोक हातातल्या कागदावर विश्वास ठेवतात.

कोर्टात समोरचा वकील सारखा मध्ये बोलत असेल तर आवाज चढवू नका. ‘माझे संपले की त्यांनी बोलावे’ असे न्यायाधीशांना उद्देशून सांगा आणि वाक्य जिथे तुटले तिथून पुढे सुरू करा. युक्तिवादाचे मुद्दे क्रमांक घालून लेखी दिले असतील तर ‘मुद्दा चारवर होते’ म्हणता येते.

याची उलटी बाजूही पाहा. गोव्यात बहुतेक लग्नांत मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक असते आणि स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतात. तरी कितीतरी ऑफिसांत नवराच बोलतो आणि बायको सहीपुरती येते. तिला खत वाचून दाखवा, एकटीला विचारा. पुढे ती ‘मला काही सांगितलेच नव्हते’ म्हणाली तर खतही अडचणीत येते आणि तुम्हीही.

बाळंतपणात खटल्यांचे काय? रजा मिळते का?

मातृत्व लाभाचा कायदा (नोव्हेंबर २०२५पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेतल्या कर्मचारी स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा देतो, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल तर. स्वतंत्र वकिली करणारीला यातले काही मिळत नाही. तिला व्यवस्था स्वतःच लावावी लागते, आणि ती सहाव्या महिन्यापर्यंत लागलेली बरी.

आधी सगळ्या फाइलींची यादी करा आणि मुदती वेगळ्या काढा. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची असते, फार तर ९० पर्यंत वाढते. अपिलाची मुदत तर कोणासाठी थांबत नाही. मग विश्वासातल्या सहकाऱ्याचे नाव घालून नवा, संयुक्त वकालतनामा दाखल करा आणि अशिलाला तिच्याशी समोरासमोर भेटवा. नुसत्या तहकुब्यांवर भिस्त ठेवली तर गाडी अडते, कारण दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असा नियम आहे. फी कशी वाटायची तेही आधीच लिहून ठेवा. मैत्रिणींची मने यावरूनच तुटतात.

काही महिने कोर्टात न येणे म्हणजे सनद स्थगित करणे नव्हे. पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत तरच बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. ‘सध्या घरीच आहे’ म्हणून कोणी सनद परत करायला सांगत असेल तर ऐकू नका.

ऑफिसात किंवा कोर्टाच्या आवारात छळ झाला तर तक्रार कुठे?

छळ करणारा कोण आणि तुम्ही कोण, यावर वाट ठरते.

तुम्ही ऑफिसात कर्मचारी असाल, म्हणजे टायपिस्ट, कारकून, पगारी वकील, आणि तिथे दहा किंवा अधिक माणसे असतील, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती हवीच. दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. गोव्यातली बहुतेक वकिली ऑफिसे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, सहा प्रतींत. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. कायद्यातल्या ‘कर्मचारी’च्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि बिनपगारी काम करणारेही येतात, त्यामुळे ज्युनियरने ‘मला पगार नाही, मग माझा हक्क नाही’ असे धरून चालू नये.

दोन स्वतंत्र वकिलांमधला प्रकार असेल तर गोष्ट वेगळी. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये सांगितले की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-कर्मचारी नाते नसल्याने अशा तक्रारींना तो कायदा लागत नाही; वकील कायद्याच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करता येते. हा निकाल गोव्याला लागू आहे. कलम ३५ची तक्रार सही व सत्यापनासह बार कौन्सिलकडे द्यायची. ती एका वर्षात निकाली काढावी असे कायदा म्हणतो आणि शिक्षा समजेपासून सनद रद्द होण्यापर्यंत असू शकते. आमच्या मते ही वाट अपुरी आहे : तिच्यात अंतरिम संरक्षण नाही, गोपनीयतेची तशी हमी नाही, आणि निवाडा करणारे त्याच व्यवसायातले.

फौजदारी तक्रारीची वाट दोन्ही प्रसंगी मोकळी असते. भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचे, ७८ पाठलागाचे, ७९ अश्लील शब्द वा हावभावांचे आहे. संदेश पुसू नका, फोन बदलू नका. फक्त स्क्रीनशॉट ठेवून फोन विकून टाकला की पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र द्यायला अडचण येते.

कोर्टात स्वच्छतागृहच धड नाही. हे कोणाला सांगायचे?

प्रधान जिल्हा न्यायाधीशांना लेखी, बार असोसिएशनच्या पत्रावर. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या १५ जानेवारी २०२५च्या आदेशाचा उल्लेख करा. त्यात प्रत्येक न्यायालयाच्या आवारात पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहे असावीत असे सांगून उच्च न्यायालयांना समित्या नेमायला लावले आहे. ‘सोय नाही’ असे मोघम लिहू नका. कोणत्या मजल्यावर, कडी नाही, पाणी नाही की कुलूप असते, ते लिहा.

खटल्यात समोरचा पक्ष बाईच्या कपड्यांवर, वागण्यावर घसरला तर?

तिथल्या तिथे हरकत घ्या आणि ती रोजनाम्यात येते का ते पाहा. अपर्णा भट प्रकरणात, मार्च २०२१मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला तक्रारदाराकडून राखी बांधून घेण्याची जामिनाची अट रद्द केली आणि अशा साचेबंद समजुतींवर आदेश देऊ नयेत असे बजावले. १६ ऑगस्ट २०२३ला त्याच न्यायालयाने अशा समजुतींविषयी पुस्तिका काढली. उशिरा तक्रार केली म्हणजे खोटी, दारू प्यायली म्हणजे संमती, रडली नाही म्हणजे काही घडलेच नाही, अशा युक्तिवादांत काय चुकते ते तिथे कारणांसह आहे. लेखी युक्तिवादात तिचा आधार घ्या. आणि आरोपीच्या बाजूने उभ्या असाल तेव्हाही हे युक्तिवाद टाळा. वेळ, अंतर, साक्षीतली विसंगती यांवर लढायला भरपूर जागा असते.

न्यायाधीश व्हायचे आहे. पदवीनंतर लगेच परीक्षा देता येईल?

आता नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात. किमान दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण लागते. जाहिरातीतली भाषेची अटही नीट वाचा.

गोव्याच्या मुलींवर याचा परिणाम सरळ आहे. ७० टक्क्यांचा तो आकडा परीक्षेने दिला होता, आणि आता परीक्षेच्या आधी तीन वर्षे कोणाच्या तरी ऑफिसात काढायची आहेत. म्हणून वर सांगितलेली वही आणि वकालतनाम्यावरची सही या गोष्टी पहिल्या दिवसापासून सांभाळा. तिसऱ्या वर्षी मागचे कागद गोळा होत नाहीत.

नोटरीसाठी स्त्रियांना सवलत आहे म्हणे?

आहे. दहाऐवजी सात वर्षांची वकिली पुरते. ही तरतूद कितीतरी जणींना माहीतच नसते.

बार असोसिएशन आणि बार कौन्सिलमध्ये राखीव जागा?

सर्वोच्च न्यायालयाच्या बार असोसिएशनमध्ये मे २०२४च्या आदेशाने कार्यकारिणीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. डिसेंबर २०२५मध्ये राज्य बार कौन्सिलांमध्ये ३० टक्के प्रतिनिधित्वाचा आदेश झाला. स्थानिक असोसिएशनमध्ये वाट पाहण्यापेक्षा खजिनदाराच्या पदासाठी उभे राहा. सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी तुमच्याकडे आपोआप येतेच, हिशेबाची मागून घ्यावी लागते.

तृतीयपंथी व्यक्तीला वकील होता येते का?

हो. वकील कायद्यात अशी कोणतीही आडकाठी नाही. तमिळनाडूत सत्यश्री शर्मिला यांनी २०१८मध्ये सनद घेतली. कागदपत्रांवरचे नाव आणि लिंगाची नोंद एकसारखी करून घेणे हेच इथेही सर्वांत वेळखाऊ काम असते. ते महाविद्यालयात असतानाच सुरू करावे.

मी पुरुष सिनियर आहे. नेमके काय बदलू?

पुढच्या महिन्याचा बोर्ड (सुनावणीच्या दाव्यांची यादी) घ्या आणि प्रत्येक दाव्यापुढे कोण उभे राहणार ते लिहा. स्त्री ज्युनियरपुढे फक्त तहकुब्या आल्या असतील तर दोन उलटतपास तिच्याकडे वळवा. संध्याकाळी सातनंतरच्या बैठका सकाळी घ्या. लहान मूल असलेल्या पुरुष ज्युनियरलाही त्याचा उपयोग होतो. आणि चहा कोण सांगते, तेवढे एकदा पाहा.